शस्त्राला नकार, भयालाही नकार : आचार्य विनोबा भावे

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत जैन आचार्यांची, मुनिवरांची आणि दानशूर श्रावकांची चरित्रे असणे स्वाभाविकच आहे. त्या मालिकेत जन्माने जैन नसलेल्या एका महापुरुषाचे चरित्र समाविष्ट करण्यास सबळ कारण आहे. भगवान महावीरांच्या अहिंसेची विसाव्या शतकातील सर्वांत कठीण परीक्षा, म्हणजे युद्धकाळातील परीक्षा, ज्यांनी उघडपणे दिली, त्यांत आचार्य विनोबा भावे यांचे नाव अग्रभागी आहे. त्या परीक्षेची वैचारिक तयारी त्यांनी आपल्या खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, शेकडो बंद्यांसमोर मांडली होती. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात जैन धर्माचे सार एका ग्रंथात आणण्यास तेच प्रेरक ठरले आणि महावीर निर्वाणाच्या दिवशीच त्यांनी देह ठेवला. म्हणून हे चरित्र आपल्याला परके नाही.

बालपण आणि गृहत्याग

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीस होते. त्यांची वृत्ती शास्त्रीय व शिस्तप्रिय होती. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. परंतु व्रत, भक्ती आणि दुसऱ्याला दिल्याशिवाय न खाण्याचा संस्कार त्यांनी मुलांच्या मनावर कायमचा कोरला. विनायकाने लहान वयातच आजन्म ब्रह्मचर्याचा संकल्प केला. बाळकोबा आणि शिवाजी हे त्यांचे धाकटे बंधूही पुढे त्याच मार्गाने गेले. एकाच घरातील तिन्ही भावांनी संसार न मांडता सेवेला वाहून घ्यावे, ही घटना आपल्यासारख्या दीक्षेची परंपरा असलेल्या समाजाला विशेष समजण्यासारखी आहे.

शाळा-महाविद्यालयातील शिक्षणात या तरुणाचे मन रमले नाही. घर सोडण्यापूर्वी त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळून टाकली. मागे परतण्याची वाटच ठेवायची नाही, हा त्यामागील निश्चय होता. २५ मार्च १९१६ रोजी इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी तो बडोद्याहून मुंबईकडे निघाला. परंतु सुरत स्थानकावर उतरून त्याने काशीची वाट धरली.

मनात दोन ओढी होत्या. एक हिमालयाकडे, ब्रह्मजिज्ञासेची. दुसरी बंगालकडे, सशस्त्र क्रांतीची. शस्त्राचे आकर्षण त्या काळच्या बहुतेक तेजस्वी तरुणांप्रमाणे विनायकालाही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शस्त्राला त्यांनी पुढे जो नकार दिला तो दुर्बळाचा नव्हता. काशीत असताना, फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या निर्भय भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात गुरुशिष्यांची भेट झाली. शांती आणि क्रांती या दोन्हींचा शोध एकाच ठिकाणी पुरा झाला, असे विनोबा पुढे मानीत.

नंतर काही काळ वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले. ८ एप्रिल १९२१ रोजी गांधीजींच्या आज्ञेने ते वर्ध्यास आले. जमनालालजी बजाज यांच्या आग्रहामुळे तेथे आश्रमाची शाखा उघडली गेली होती. सूतकताई, शेती, स्वच्छता, अध्यापन आणि अध्ययन यांत पुढील अनेक वर्षे गेली. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना पहिला कारावास घडला. आईला गीता मराठीतून समजावी या तिच्या जुन्या इच्छेची पूर्ती म्हणून त्यांनी १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ रचली. तोवर आई जगात नव्हती.

धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

१९३२ च्या आरंभी सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि सरकारने देशभर धरपकड केली. विनोबांना सहा महिन्यांची शिक्षा होऊन धुळ्याच्या तुरुंगात आणण्यात आले. त्या वेळी तो तुरुंग म्हणजे एक विद्यापीठच झाले होते. जमनालालजी बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते. पूर्व आणि पश्चिम खानदेशातील कितीतरी खेड्यांतून आलेले शेतकरी, विणकर, शिक्षक आणि विद्यार्थी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील नोकरी सोडून १९३० साली चळवळीत उतरलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, हेही तेथेच होते.

बंदिवानांच्या आग्रहावरून विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलण्याचे मान्य केले. २१ फेब्रुवारी १९३२ रोजी पहिले प्रवचन झाले आणि १९ जून १९३२ रोजी अठरावे. एकही रविवार चुकला नाही. साने गुरुजींनी झपाझप चालणाऱ्या लेखणीने ती टिपून घेतली. विनोबांनी ती बोलावी आणि साने गुरुजींनी टिपावी, हा योग धुळ्याच्या भिंतीआड जुळून आला, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला आणि पुढे भारतातील बहुतेक भाषांना मिळाला.

या प्रवचनांतील पहिल्याच दिवशीचा विचार आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. रणांगणावर अर्जुनाने गांडीव खाली ठेवले आणि युद्ध करणार नाही असे सांगितले. वरवर पाहता हा लष्करी कर्तव्याला सदसद्विवेकबुद्धीने दिलेला नकारच वाटतो. अहिंसेच्या उपासकाने अर्जुनाची बाजू घ्यावी असे कुणालाही वाटेल. परंतु विनोबा तसे म्हणाले नाहीत. त्यांच्या विवेचनाप्रमाणे अर्जुनाला हिंसेचा वीट आला नव्हता. यापूर्वी त्याने अनेक लढाया केल्या होत्या आणि तेव्हा त्याचा हात थरथरला नव्हता. आता समोर आजोबा, गुरू आणि भाऊबंद उभे होते, म्हणून तो डळमळला. हे समजावण्यासाठी त्यांनी एका न्यायाधीशाचा दृष्टांत दिला. शेकडो आरोपींना फाशी देणाऱ्या त्या न्यायाधीशापुढे एके दिवशी स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि त्याच क्षणी त्याला फाशीची शिक्षा अमानुष आहे असे सुचू लागते. त्याचे मुद्दे कदाचित बरोबरही असतील. परंतु ते बोलणे ज्ञानातून आलेले नसते, ममतेतून आलेले असते.

तुरुंगात बसलेल्या सत्याग्रह्यांना, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या पण हात उगारला नाही अशांना, हा विचार ऐकविणे सोपे नव्हते. विनोबांनी त्यांची प्रशंसा करण्याऐवजी त्यांच्या हातात एक कसोटी दिली. युद्धाला दिलेला प्रत्येक नकार अहिंसा नसतो. तो भीतीतून आलेला असू शकतो, आळसातून असू शकतो, आपल्या माणसांच्या मोहातून असू शकतो. परक्याच्या मरणाने न हलणारे मन आपल्या माणसाच्या मरणाने हलले, तर त्याला करुणा म्हणता येत नाही.

आगमातील वरुण

हीच कसोटी आपल्या परंपरेत फार पूर्वी लावली गेली होती, याची आठवण येथे करणे उचित होईल. श्वेतांबर आगमांतील व्याख्याप्रज्ञप्ती अर्थात भगवतीसूत्रात वैशालीच्या वरुण नावाच्या श्रमणोपासकाची कथा आहे. राजा चेटक आणि कोणिक यांच्यात घोर संग्राम पेटला. वरुण व्रतधारी श्रावक होता, उपवासाची तपश्चर्या चालू होती. तरीही राजाज्ञेने त्याला रथ-मुसल संग्रामात उतरावे लागले. आजच्या भाषेत ही सक्तीची लष्करी सेवाच होय. वरुणाने मनाशी नियम केला, की जो आपल्यावर प्रथम प्रहार करील त्याच्याखेरीज कुणावरही शस्त्र चालवायचे नाही. प्रतिपक्षाच्या योद्ध्याने प्रथम बाण मारला. घायाळ वरुणाने प्रत्युत्तर दिले, त्यानंतर रथ रणभूमीबाहेर नेला, घोडे मोकळे केले, दर्भाचे आसन पसरले आणि सर्व पापांचे प्रत्याख्यान करून समाधिमरण स्वीकारले.

या कथेच्या मागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. युद्धात मेलेला प्रत्येक योद्धा स्वर्गाला जातो, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. गौतमस्वामींनी तिच्याविषयी विचारले असता भगवान महावीरांनी ती समजूत नाकारली आणि वरुणाची कथा सांगितली. वरुणाला सद्गती मिळाली ती शस्त्रामुळे नव्हे. व्रत, आलोचना आणि शांत परिणामांमुळे. युद्धाला पुण्याचे वलय देण्यास भगवंतांनी नकार दिला, पण राजाज्ञेत सापडलेल्या गृहस्थाला त्यांनी टाकून दिले नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा संपूर्ण त्याग सांगितला आणि विरोधी हिंसेत, म्हणजे आत्मरक्षण व राष्ट्ररक्षण यांत, मर्यादा सांगितली. त्यामुळे जैन इतिहासात सेनापती आणि मंत्रीही झाले. परंतु मर्यादा ही सवलत आहे, आदर्श नव्हे. आदर्शाकडे एखाद्याने पाऊल टाकलेच, तर ते कसे टाकावे, हे विनोबांनी १९४० साली दाखविले.

पहिला सत्याग्रही

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध सुरू झाले. भारतीय जनतेला किंवा तिच्या प्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. भारतीयांवर सक्तीची सैन्यभरती लादण्यात आली नव्हती; भरती नावाने तरी ऐच्छिक होती आणि युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. परंतु युद्धनिधीसाठी गावोगाव दबाव होता आणि युद्धाविरुद्ध बोलणे हा गुन्हा होता. देहाची सक्ती नव्हती, पण पैशाची आणि मौनाची सक्ती होती.

इंग्लंडमध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे १९१६ साली सक्तीची लष्करी भरती आली तेव्हाच, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र न धरण्याची सवलत कायद्यात ठेवण्यात आली. त्या महायुद्धात सुमारे १६,००० माणसांनी असा नकार दिला. त्यांतील हजारो तुरुंगात गेले, काही क्वेकरपंथीयांनी जखमींची शुश्रूषा पत्करली. दुसऱ्या महायुद्धात ही संख्या सुमारे ६०,००० झाली. जे राज्य आपल्या नागरिकांना युद्धाला नकार देण्याचा हक्क कायद्याने देत होते, तेच राज्य भारतीयांना युद्धाविरुद्ध एक वाक्य उच्चारण्याचाही हक्क देत नव्हते. गांधीजींनी नेमके यावर बोट ठेवले आणि वाणीस्वातंत्र्यासाठी वैयक्तिक सत्याग्रहाची योजना आखली.

पहिला सत्याग्रही कोण, याविषयी देशभर तर्क चालू होते. काँग्रेसमध्ये नामवंत पुढाऱ्यांची वाण नव्हती. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांचा विरोध या विशिष्ट युद्धाला होता. स्वातंत्र्याचे वचन मिळाले तर युद्धप्रयत्नांना सहकार्य देण्याची तयारी १९४० च्या जुलैत काँग्रेसने दाखविलीही होती. खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केली होती. ज्याचा विरोध युद्धमात्राला आहे, ज्याच्या मनात इंग्रजांविषयी द्वेष नाही आणि ज्याने जीवनभर कष्ट, व्रत व सेवा यांनी तो विचार पचविला आहे, असा माणूस गांधीजींना हवा होता. त्यांनी विनोबांचे नाव जाहीर केले, तेव्हा देशातील पुष्कळांना ते नाव ठाऊकही नव्हते. विनोबांचा परिचय करून देण्यासाठी गांधीजींना ‘हरिजन’मध्ये लेख लिहावा लागला. दुसरे नाव होते पंडित जवाहरलाल नेहरूंचे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी धाम नदीकाठच्या पवनार गावी विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले. या युद्धाला माणसांची वा पैशांची मदत करणे चूक आहे आणि सर्व युद्धांचा अहिंसक प्रतिकार हाच खरा मार्ग आहे, हा त्या सत्याग्रहाचा आशय होता. त्यानंतर ते आसपासच्या गावी पायी जात राहिले, तेच सांगत राहिले. २१ ऑक्टोबर रोजी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला, पुन्हा तुरुंगात गेले. असे तीन वेळा घडले. सत्याग्रहाची बातमी छापण्यावर बंधने आल्यामुळे गांधीजींनी आपली साप्ताहिकेच बंद ठेवली. तरीही लोण पसरत गेले. देशभरात वीस हजारांहून अधिक सत्याग्रही क्रमाने तुरुंगात गेले. अधिकाऱ्यांना आगाऊ सूचना द्यायची, ठरल्या ठिकाणी एकट्याने उभे राहायचे आणि अटक झाल्यावर शांतपणे चालू लागायचे, ही त्या सत्याग्रहाची रीत होती. १९४१ च्या डिसेंबरात सरकारने सत्याग्रह्यांची सुटका केली.

धुळ्यात सांगितलेल्या कसोटीला विनोबा स्वतः येथे उतरले. अर्जुनाचा नकार आपल्या माणसांसाठी होता. विनोबांचा नकार ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा जर्मन, इंग्रज आणि भारतीय सैनिकांसाठी होता. भित्र्याचा नकार शिक्षा टाळण्यासाठी असतो. हा नकार शिक्षा मागून घेणारा होता.

नकारानंतर काय?

१९४२ च्या आंदोलनात विनोबांना पुन्हा अटक झाली आणि वेल्लोर व सिवनीच्या तुरुंगांत १९४५ पर्यंत त्यांनी काळ काढला. स्वातंत्र्य आले, गांधीजी गेले आणि विनोबांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. मी लढणार नाही, एवढे म्हणून भागत नाही. ज्या अन्यायातून युद्धे आणि दंगली पेटतात त्याचे काय करणार? १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. त्या वेळी तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालू होता. तेथून भूदानयात्रा सुरू झाली. सुमारे तेरा वर्षे हा कृश देहाचा माणूस भारतभर पायी चालला आणि ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान त्याने मिळविले. त्यातील पुष्कळ जमीन नापीक निघाली, बरीच वाटली गेली नाही, हेही खरे आहे. तथापि कायदा आणि तलवार या दोहोंच्या बाहेर तिसरी शक्ती असू शकते, हे त्या यात्रेने जगाला दाखविले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर अपरिग्रहाशिवाय अहिंसा टिकत नाही, या सिद्धांताचा तो सामाजिक प्रयोग होता.

१९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेनेचा आरंभ केला. दंगलीच्या ठिकाणी निःशस्त्र जाऊन उभे राहणारे, वेळ आल्यास प्राण देणारे, आणि एरवी वर्षभर गावाची सेवा करणारे सैनिक त्यांना हवे होते. सैन्याला नाही म्हणणाऱ्याने सैनिकाइतकेच धैर्य आणि शिस्त दाखविली पाहिजे, हा त्यामागील विचार होता. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, ती घटनाही याच विचाराचे फळ होती.

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी विनोबांनी भारताच्या सैन्याविरुद्ध सत्याग्रह केला नाही. आक्रमणाला त्यांनी आक्रमणच म्हटले. त्याआधीच गावागावांतील ऐक्य हेच देशाचे खरे संरक्षण होय, असे ते ग्रामदानाच्या संदर्भात सांगत आले होते. काही शांतिवाद्यांना ही भूमिका अपुरी वाटली. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर तर कठोर टीका झाली आणि त्यांचे निकटचे सहकारीही दुरावले. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना हा भाग वगळण्याचे कारण नाही. परकीय सत्तेला स्पष्ट नाही म्हणणाऱ्याला स्वकीय सत्तेपुढे तेवढेच स्पष्ट बोलणे अवघड जाते, हा धडा त्यातून घेता येईल. आणि गंमत अशी की आपल्या माणसांच्या मोहाविषयीची धुळ्याची कसोटीच त्यांच्या टीकाकारांच्या हाती होती.

सत्यग्राही विनोबा

१९७४ साली भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव देशभर साजरा झाला. बौद्धांना धम्मपद, ख्रिस्ती बांधवांना बायबल, तसा जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ हवा, ही विनोबांची कित्येक वर्षांची तळमळ होती. श्री जिनेंद्र वर्णीजींनी संकलनाचे कष्ट घेतले. नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत भरलेल्या संगीतीत मुनिश्री विद्यानंदजी, मुनिश्री सुशीलकुमारजी, मुनिश्री जनकविजयजी आणि मुनिश्री नथमलजी (पुढील आचार्य महाप्रज्ञ) यांच्या सान्निध्यात त्यावर विचार झाला आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. सर्व सेवा संघाने तो १९७५ मध्ये प्रकाशित केला. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी व तेरापंथी एका ग्रंथाभोवती बसले, त्यामागे एका अजैन संताची चिकाटी होती, हे आपण विसरू नये.

त्या निमित्ताने विनोबांनी जो विचार मांडला तो त्यांच्या सत्याग्रही जीवनाचा जणू उपसंहार होता. सत्याचा आग्रह धरण्यापेक्षा सत्याचे ग्रहण करणारा होणे श्रेष्ठ, ही भगवान महावीरांची शिकवण आपण शिरोधार्य मानतो, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक माणसापाशी, विरोधकापाशीही, सत्याचा काही अंश असतो. तो घेत जाणारा तो सत्यग्राही. हाच अनेकान्त होय. युद्धाला नकार देणारा अनेकान्त सोडून वागला, तर सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाला तो पापी ठरवू लागतो आणि त्याच्या अहिंसेला अहंकाराची बाधा होते. पवनारच्या सत्याग्रह्याने सैनिकाचा तिरस्कार केला नाही. त्याने स्वतःपुरती शस्त्राची वाट बंद केली आणि दुसऱ्यांना समजावीत राहिला.

जानेवारी १९८२ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यासमोर गोरक्षा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या प्रारंभी विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती काहीशी सावरत असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. डॉक्टरांनी, सहकाऱ्यांनी, पंतप्रधान इंदिरा गांधींनीही विनविले. परंतु निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी, दिवाळीच्या अमावास्येला, पवनारच्या आश्रमात त्यांनी शांतपणे देह ठेवला. तो भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस होता. जैन समाजाने त्या मृत्यूत संथारा पाहिला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आपल्यापुरता अर्थ

आज भारतात सक्तीची लष्करी सेवा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये राज्याला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याचा अधिकार ठेवलेला आहे. परंतु सैन्यासाठी त्याचा उपयोग करण्याची वेळ स्वतंत्र भारतावर आलेली नाही, कारण सैन्यात स्वेच्छेने जाणाऱ्यांची उणीव कधी भासली नाही. त्यामुळे आपल्या समाजातील तरुणाला वरुणासारखे राजाज्ञा आणि व्रत यांच्यामध्ये उभे राहावे लागत नाही. अनेक देशांत आजही तरुणांना तसे उभे राहावे लागते. दक्षिण कोरियात असा नकार देणाऱ्या हजारो युवकांनी तुरुंगवास भोगला आणि २०१८ साली तेथील संविधान न्यायालयाने त्यांच्यासाठी पर्यायी सेवेची सोय करण्याचा आदेश दिला.

आपल्यावर ती वेळ आलेली नाही म्हणून आपली अहिंसा सिद्ध झाली, असे मात्र होत नाही. दुसरे लोक सीमेवर उभे राहतात म्हणून आपण निर्वेध व्यापार करतो, पर्युषण करतो, रथयात्रा काढतो. त्यांच्या रक्षणाखाली राहून त्यांच्या हिंसेला नाक मुरडणे, हे धुळ्याच्या कसोटीला उतरणारे नाही. पाण्याचे थेंब गाळून पिणारा समाज शेजारच्या मोहल्ल्यात दंगल पेटल्यावर दारे लावून बसला, तर ती अहिंसा न राहता आत्मरक्षण ठरते. ज्याला शस्त्र नको असेल त्याने त्याचे मोल अन्य मार्गाने चुकते केले पाहिजे. दुष्काळात जनावरांच्या छावणीत, रुग्णालयात, रक्तदानात आणि विशेषतः दोन समाज समोरासमोर आले असता मध्ये उभे राहण्यात ते चुकते करता येते. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या सेवाकार्याकडे या दृष्टीने पाहिले, तर त्याला नवा अर्थ येईल आणि पुढील पन्नास वर्षांसाठी एक उद्दिष्टही मिळेल.

जळगावला जैन हिल्सवर श्रद्धेय भवरलालजी जैन यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘गांधी तीर्थ’ २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. तेथे आपण कुटुंबासह अवश्य जातो. मुलांना गांधीजींची कथा सांगताना, त्यांनी ज्यांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडले त्या विनोबांचीही कथा सांगावी. आणि धुळ्याहून येता-जाता, याच गावातील तुरुंगात १९३२ च्या उन्हाळ्यात अठरा रविवार एक बंदी इतर बंद्यांना भय आणि मोह सोडण्याची शिकवण देत होता, हेही सांगावे.

क्षमा आणि अभय यांच्या त्या उपासकाच्या पावन स्मृतीस सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र.